सिंहपुच्छ माकडं आणि आमचे कांबळी

संशय घ्यायची सवय मला आधीपासूनच होती. घाटकोपरच्या वस्तीत वाढलेल्या मुलीला ती लागतेच, नाहीतर निभाव लागत नाही. पण संशय घेणं ही नोकरी असू शकते, त्यासाठी टेबल-खुर्ची मिळते आणि वर कोणी वाईटही म्हणत नाही, हे मला कांबळींनी दाखवलं. त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. टाळायचं कारण पुढे येईलच, आणि त्यात मी काही फार चांगली दिसत नाही.

आमचं ऑफिस बोरिवली पूर्वेला, एका हाउसिंग सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. खाली दातांचा दवाखाना, समोर दहावी-बारावीचे क्लासेस. फ्लॅटच तो. स्वयंपाकाच्या ओट्यावर प्रिंटर ठेवलेला. काम काय, तर दमट पावसाळी जंगलांतली जी माकडं आणि वानरं संपत चालली आहेत, ती नेमकी कुठे कुठे उरली आहेत याचे नकाशे करायचे. कुठलं तरी जुनं पुस्तक म्हणतं, अमक्या डोंगरात आहेत. कोणी भटक्या म्हणतो, तमक्या घाटात दिसली. संग्रहालयातल्या कातडीला एखादी चिठ्ठी बांधलेली असते. हे सगळं गोळा करायचं, खरं-खोटं करायचं आणि नकाशावर टिंब द्यायचं. सगळ्या टिंबांच्या बाहेरून रेघ मारली की तो त्या जनावराचा मुलूख. ऐकायला सोपं वाटतं. पण एक टिंब उगाच जास्त पडलं, तर कोणीतरी साहेब म्हणतो, एवढ्या ठिकाणी आहेत ना माकडं, मग ह्या एका जंगलातून रस्ता नेला तर काय बिघडलं. म्हणून प्रत्येक टिंबाकडे चोरासारखं बघावं लागतं.

ऑफिसात आम्ही तीनच माणसं. प्रमुख लेले मॅडम, कॉम्प्युटरवर नकाशे करायला मी आणि नोंदी तपासायला कांबळी. मूळचे सावंतवाडीकडचे. वडील गिरणीत होते. स्वतः एका संग्रहालयात कातडी आणि सांगाडे सांभाळता सांभाळता रिटायर झाले, आणि मग मॅडमनी त्यांना आमच्याकडे बोलावून घेतलं. बारीक अंगकाठी, पांढरा हाफ शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. बोलायचे आमच्यासारखंच, पण राग आला किंवा माया आली की मालवणीवर उतरायचे. त्यामुळे मालवणी सुरू झाली की आपल्याला शिव्या पडतायत की लाड होतायत, हे पहिली दोन मिनिटं कळायचं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एका जुन्या चिठ्ठीचा फोटो ठेवला. सिंहपुच्छ माकडाच्या कातडीला बांधलेली चिठ्ठी. हे माकड काळंभोर, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलांत उंच झाडांवर राहतं, खाली क्वचितच उतरतं, आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही. चिठ्ठीवर जनावराचं नाव होतं, साल पुसट झालेलं, आणि ठिकाण लिहिलेलं होतं, मुंबई.

"घाल टिंब," कांबळी म्हणाले.

मी नुकताच नकाशांचा डिप्लोमा करून आलेली, हात शिवशिवत होते. अक्षांश-रेखांश काढले आणि दिलं मुंबईवर टिंब ठोकून. कांबळी भिंग लावून स्क्रीनकडे बघत राहिले.

"ह्या माकड मुंबैत भाड्यान रवता," ते म्हणाले, "काय स्वताची खोली असा तेची?"

मग त्यांनी समजावलं. पूर्वी हौशी लोक माकडं विकत घ्यायचे, पाळायचे, मेली की संग्रहालयाला देऊन टाकायचे. चिठ्ठीवर यायचं ते माकड मेलं ते गाव, नाहीतर ते बोटीत चढवलं ते बंदर. ते जन्मलं कुठे, हे कोणी लिहीतच नसे. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक, आणि मी ती नोकरीच्या पहिल्या तासात करून दाखवली होती. त्या दिवशी मला ते अजिबात आवडले नाहीत, हे सांगून टाकते. मला वाटलं, हा म्हातारा नव्या माणसाला पाडायला खड्डे खणून ठेवतो.

खड्डे ते सगळ्यांसाठीच खणायचे. कुठलीही नोंद आली की पहिला प्रश्न, बघितलं कोणी? मग, कुठून बघितलं, किती लांबून, उजेड कसला होता, चष्मा आहे का, आणि ज्यानं बघितलं त्याला आधीपासून काय बघायचं होतं. हा शेवटचा प्रश्न त्यांचा लाडका. ज्याला काळं माकड बघायचंच आहे, त्याला ते जळक्या लाकडातही दिसतं, असं त्यांचं म्हणणं. नोंद पटेपर्यंत त्यांच्या कागदी नकाशावर पेन्सिलीचं टिंब असायचं. पटली की शाईचं. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी केलेला प्रत्येक नकाशा, प्रत्येक तक्ता त्यांना कागदावर छापून लागायचा. त्यावर बोट फिरवत एकेक ओळ तपासायचे आणि खाली सही करायचे. एकदा सही झाली की संपलं. परत बघायचे नाहीत, परत विचारायचे नाहीत. दुसऱ्यांच्या बाबतीत एवढा शंकेखोर माणूस स्वतःच्या सहीबद्दल मात्र डोळे मिटून निर्धास्त होता. मला त्याचा हेवा वाटायचा.

त्यांच्या आईचा किस्सा ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना जराही हसायचे नाहीत. जुन्या पुस्तकांतून असं लिहिलेलं सापडतं की ही माकडं एके काळी थेट गोव्यापर्यंत, त्याच्याही वर कोकणापर्यंत होती. कांबळींना ते पटत नसे. लिहिणाऱ्यांनी ऐकीव गोष्टी लिहिल्या, असं त्यांना वाटे. एकदा गणपतीला गावी गेले असताना आई सहज म्हणाली, आमच्या लहानपणी वरच्या रानात आयाळवालो काळो वांदर दिसायचो. दुसरा कोणी असता तर आनंदानं नाचला असता. मुलगा एवढी वर्षं ज्याचा शोध घेतोय, त्याची साक्ष घरातच. कांबळींनी काय करावं? गौरीच्या दिवशी, ऐन जेवणाच्या पंगतीत, आईची उलटतपासणी घेतली. शेपटी केवढी? आई म्हणाली, ही लांबच्या लांब. गोंडा होता का? आठवत नाही. आवाज कसा? आईनं हूप करून दाखवला. कांबळी म्हणाले, हे साधं वानर, सावलीत काळं दिसलं असणार. नोंद फेटाळली. आई दोन दिवस बोलली नाही. मी विचारलं, "काका, खोटं खोटं हो म्हणायचं ना, म्हातारीला बरं वाटलं असतं."

"तिका बरा वाटला असता," ते म्हणाले, "आणि माकड?"

फोनचं तर विचारूच नका. आमच्या ऑफिसचं नाव इंटरनेटवर माकडांच्या खाली येतं, त्यामुळे बोरिवली, मुलुंडच्या सोसायट्यांमधून फोन यायचे, तुमचं माकड आलंय, घेऊन जा. जसं काय आम्ही सोडलं होतं. मी सरळ वनखात्याचा नंबर देऊन मोकळी व्हायचे. कांबळी मात्र फोन कानाला लावून आरामात बसायचे. एकदा मुलुंडच्या एक बाई रडकुंडीला आल्या होत्या, माकडानं डायनिंग टेबलावरच्या इडल्या नेल्या म्हणून.

"नेताना तुम्ही स्वतः बघितलंत?" कांबळींनी विचारलं.

बाई म्हणाल्या, मी आंघोळीला गेले होते.

"मग घरात कोण होतं?"

मिस्टर होते.

"म्हणजे इडल्या माकडानं नेल्या, हे मिस्टरांनी सांगितलं. बरं. साहेबांना शुगर आहे का?"

मग बाईंचा आवाज आला, पण फोनमध्ये नाही, घरात कोणाला तरी हाक मारलेला, "अहो, इकडे या जरा." कांबळींनी फोन ठेवला. मी हसून हसून बेजार झाले. ते म्हणाले, ह्यात हसण्यासारखं काय आहे, नोंद माकडाच्या नावावर लागली असती की नाही?

अशा माणसाबरोबर रोज आठ तास बसलं की आपणही तसेच होतो. मी भाजीवालीला विचारायला लागले, मेथी आजची कशावरून. माझी आई वैतागली होती. पण खरं सांगते, आयुष्यात कोणी मला एवढं काम शिकवलं नाही, आणि शिकवून उपकार केल्याचा चेहराही केला नाही. वर्षभरात मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला बाये.

मग मारुतीचा फोन आला. मारुती हा कर्नाटकातल्या एका घाटातला शेतकरी, आमचा तिथला माहीतगार. तो म्हणाला, आपल्या नकाशावरच्या शेवटच्या टिंबापासून बऱ्याच वर, उत्तरेकडे, सिंहपुच्छांचा एक कळप आहे. जागेचं नाव मी आजही लिहिणार नाही. मॅडमना झोप लागेना, कारण हे टिंब खरं निघालं तर मुलखाची रेघ वर सरकणार होती, आणि मधल्या सगळ्या जंगलाला हात लावणं लोकांना अवघड जाणार होतं. कांबळी म्हणाले, पेन्सिल. फोटो आला. म्हणाले, फोटो तिथलाच कशावरून? मारुतीनं झाडासकट फोटो पाठवला. म्हणाले, झाड बरोबर आहे, पण कळप वाट चुकून आलेला असेल. असे आठ महिने. शेवटी स्वतः उठून गेले, गुडघे दुखत असताना, आणि मारुतीबरोबर चार दिवस फणसांच्या झाडांखाली बसून आले. परत आले. बॅग खाली ठेवली, पेन काढलं आणि शाईचं टिंब दिलं. मग पिशवीतून गोड मालवणी खाजं काढून सगळ्यांना वाटलं. खालच्या दातांच्या डॉक्टरला सुद्धा.

ही माकडं चोरून विकणारे लोक आहेत. पिल्लांना पैसे जास्त मिळतात, आणि पिल्लू घ्यायचं तर आधी आईला पाडावं लागतं. म्हणून नेमकी जागा कधी छापत नाहीत. छापील नकाशावर टिंब मुद्दाम लांब सरकवतात. आम्हीही तसंच केलं. नकाशा आणि सोबतचा तक्ता मी तयार केला, मॅडमनी वाचला, कांबळींनी कागदावर बोट फिरवून तपासला, सही केली. मग दोन्ही फाइली इंटरनेटवर टाकल्या. लोकांनी वाहवा केली.

चौथ्या महिन्यात मारुतीचा परत फोन. ह्या वेळी त्याचा आवाजच वेगळा होता. दोन पिल्लं नेली होती आणि दोन्ही आया फणसाखाली मरून पडल्या होत्या. "गावात कोणाला काही विचारलं नाही त्यांनी," मारुती म्हणाला. "मोबाइलमध्ये बघत बघत सरळ त्या झाडाखाली गेले. गुराख्यानं लांबून बघितलं."

म्हणजे त्यांच्याकडे नेमके आकडे होते. ते आकडे मारुती सोडून तीन माणसांना माहीत. मॅडम, मी आणि कांबळी. मी नाही हे मला माहीत होतं. मॅडमनी ह्या माकडांपायी अख्खी हयात घातलेली. मग उरलं कोण? एवढा साधा हिशेब. मला तो नको होता, पण डोक्यातून जाईना. त्यांच्याकडे बघायची माझी नजरच बदलली. ते चहा घेताना बघायचे, फोन घेताना कान द्यायचे. बॅगेत काय घालतात यावर लक्ष. एका संध्याकाळी त्यांच्या कापडी पिशवीत नकाशांच्या झेरॉक्स दिसल्या. ऑफिसचे कागद घरी न्यायचे नाहीत, हा नियम होता. वाट लागली, मी मनात म्हटलं. त्याच आठवड्यात बस डेपोजवळ मी त्यांना एका माणसाशी बोलताना पाहिलं. त्याच्या स्कूटरला मागे पिंजरा बांधलेला, वर कापड टाकलेलं. कांबळी त्याचं ऐकत कागदावर काहीतरी लिहीत होते. मी रिक्षाच्या आडून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटत होतं, की मला सापडलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. मॅडमनी त्यांना आत बोलावलं, मलाही बसायला लावलं.

"कांबळी, तुम्ही नकाशे घरी नेता?"

"नेतो. पहिल्यापासून नेतो. तुमचा कॉम्प्युटर एक दिवस बसणार. कुठेतरी कागद हवा."

"काल डेपोजवळ तो माणूस कोण होता?"

"पाखरं विकणारा. ती पिल्लं मुंबईत आली का, कोणी आणली, ते विचारत होतो."

"तुम्ही त्याला काही सांगितलंत?"

"नाही."

इथपर्यंत ठीक होतं. मॅडम तशा भल्या बाई. त्यांना हे प्रकरण संपवायचं होतं, म्हणून त्यांनी शेवटचं विचारलं, "तुमच्या घरचे कागद दुसऱ्या कोणी बघितले नाहीत, हे तुम्ही खात्रीनं सांगू शकता?"

कोणीही काय म्हणालं असतं? छे हो मॅडम, शक्यच नाही. कांबळी विचार करत राहिले. भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत, सोडवत. मग म्हणाले, "नाही. तसं नाही सांगता येणार. घरात माणसं येतात. मुलाचे मित्र, गॅसवाला, केबलवाला. कागद माळ्यावर असतात. मी दुपारी झोपतो. त्या वेळात कोणी बघितलं नसेलच, हे मी बघितलेलं नाही."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. जो माणूस न बघितलेल्या गोष्टीला आईनं सांगूनसुद्धा हो म्हणाला नाही, तो स्वतःला वाचवायला तरी कसा म्हणणार? पण हे मला आज कळतंय. त्या दिवशी मला ती कबुली वाटली. मॅडम म्हणाल्या, काही दिवस तुम्ही येऊ नका. काही दिवस म्हणजे काय, ते तिघांनाही कळलं. कांबळींनी मान हलवली, टेबलावरचा आपला स्टीलचा पेला रुमालात बांधला आणि गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, कुठल्या तोंडानं बघतील.

सात महिने गेले. मग एका मुलीचा मेल आला. कुठल्या तरी कॉलेजात शिकणारी, आमच्या नकाशावर काहीतरी लिहीत होती. फार अदबीनं विचारलं होतं तिनं. ताई, तुमच्या तक्त्यात एक रकाना झाकलेला आहे, मी तो उघडला. त्यातले आकडे नकाशावरच्या टिंबाशी जुळत नाहीत. दोन्हींतले खरे कुठले धरू?

मी तो मेल तीनदा वाचला. खरी जागा ज्या रकान्यात होती, तो मी पुसला नव्हता, नुसता झाकला होता. कामाच्या घाईत, नंतर लागेल म्हणून. झाकलेला रकाना स्क्रीनवर दिसत नाही, छापलेल्या कागदावर तर नाहीच येत. पण फाइल ज्याच्या हातात आहे, त्यानं दोन क्लिक केले की उघडतो. ते आकडे चार महिने, आणि पुढचे सात महिने, कोणीही यावं आणि घेऊन जावं असे पडले होते. ते मी ठेवले होते. त्या दोन आया माझ्यामुळे मेल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, आणि मग बाहेर येऊन सगळ्यात आधी तो रकाना पुसला.

मॅडमना सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हातानं कांबळींना माफीचं पत्र लिहिलं, आणि म्हणाल्या, मी घेऊन जाते. मी म्हटलं, नाही, मी जाणार.

कांबळी राहायचे जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेच्या मागच्या रस्त्यावर, झोपडपट्टी पाडून बांधलेल्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर. दुपारची वेळ. दार काकूंनी उघडलं, साखळी लावून, फटीतून. मी नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा कठीण झाला, पण आत घेतलं. कांबळी खाटेवर बसले होते. गळ्यात भिंग नव्हतं. एवढ्यात माणूस किती वाळतो.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काका, तुम्ही नव्हतात, मी होते. तक्ता, झाकलेला रकाना, ती मुलगी, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू माका बरा वाटूचा म्हणान सांगतस."

"नाही काका."

"दाखव."

मी लॅपटॉप उघडला. जुनी फाइल मुद्दाम बरोबर आणली होती. रकाना उघडून दाखवला, झाकून दाखवला, परत उघडला. ते अगदी नाक लावून बघत होते. मग विचारलं, "आता पुसलस?" मी हो म्हटलं. "कळप?" मी म्हटलं, मारुती म्हणतो आहे, पण त्या फणसांकडे आता येत नाही, वर सरकलाय.

मग त्यांनी माझी नोंद घ्यायला सुरुवात केली. होय, तेच करत होते ते.

"माका डेपोकडे कोणी बघल्यान?"

"मी."

"काय बघलस?"

"तुम्ही कागदावर लिहीत होतात."

"काय लिवत होतंय, ता बघलस?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, काका, तुमचे घरचे नकाशे मला द्या, मी जपून ठेवीन, परत सगळं नीट सुरू करू. तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या. कागद उरलेच नव्हते. ऑफिसातून काढलं, त्याच आठवड्यात त्यांनी माळ्यावरचे सगळे गठ्ठे खाली काढले होते. हे कोणीतरी बघितलं असणार, माझ्याच घरातून गेलं असणार, असं म्हणत तीन दिवस बसून एकेक नकाशा फाडला, बादलीत भिजवला, लगदा केला. संग्रहालयातल्या दिवसांपासूनचे होते सगळे. मी त्यांच्यावर संशय घेतला, तो त्यांनी तपासून पाहिला आणि धरला. दुसऱ्या कोणाच्याही नोंदीला ते एवढ्या लवकर हो म्हणाले नव्हते.

मी खाली फरशीवर बसले. काका, मला माफ करा, असं म्हणाले बहुतेक. ते बादलीचं ऐकत नसल्यासारखे तक्त्याकडेच बघत होते.

"ह्यो तक्तो माझ्या हाताखालसून गेलो," ते म्हणाले. "कागदार रकानो नव्हतो, म्हणान मी बरोबर म्हटलंय. खाली सही माझी असा."

"काका, चूक माझी आहे. तुम्हाला कसं दिसणार होतं?"

"माका दिसला नाय, ह्याच तर मी सांगतंय."

मी मॅडमचं पत्र पुढे केलं. परत या म्हटलं. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, माझ्या हातात परत दिलं. रागानं नाही. अगदी मायेनं म्हणाले, "येवन काय करू, बाये? मी तपासलंय म्हणान तुम्ही नोंद धरशात. मी धरूचंय नाय."

काकूंनी चहा केला होता, तो मी प्यायले. निघताना ते दारापर्यंत आले, जिन्यात अंधार आहे, जपून जा म्हणाले. दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला. मी अर्धा जिना उतरले असेन, तेवढ्यात कडी परत निघाली, दार जरा उघडलं, परत लागलं, परत कडी.

"अवो, लागली कडी," आतून काकूंचा आवाज आला. "मी बघलंय."

मी तिथेच जिन्यात कठडा धरून उभी होते. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, धरली काकांनी काकूंची नोंद. मग कडी पुन्हा निघाली.